गांवची आग व तिचें निवारण

वतनाच्या तंट्यांतील महजर व निवाडपत्रें ज्यांनीं थोडींबहुत चाळलीं आहेत, त्यांस एक सबब पुनःपुन्हां भेटली असेल. वादी सभेपुढें सांगतो कीं, मूळ सनद आपल्या वडिलांच्या घरीं होती. पुढें धामधुमींत गांव जळाला, त्यांत घर गेलें आणि घराबरोबर कागदही गेला. मग सभेनें गोत मेळवावें, शेजारगांवच्या पाटील-कुळकर्ण्यांस पुसावें, बलुतेदारांच्या मुखें वहिवाट समजून घ्यावी, आणि पटल्यास जळालेल्या कागदाच्या जागीं नवा कागद करून द्यावा, ही रीत. सबब कोठें खरी असे, कोठें सोयीची असे. तो विचार प्रत्येक कागदापुरता वेगळा करावा लागतो. परंतु तिच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे व त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. गांवास आग लागली म्हणजे ती विझवावयाची कोणीं? तें काम कोणाच्या माथीं होतें, आणि त्यानें तें न केल्यास त्यास पुसणारा कोण? ज्या आगींतून एका घरचा रुमाल वांचला व शेजारचा गेला, त्या आगीचा इतिहास हा आपल्या साधनांचाही इतिहास होय.

शहरांत आगीचा बंब आला, पगारी माणसें आलीं. तो विषय येथें घेतलेला नाहीं. खेड्यास बंब नव्हता. आणि ज्यास आज आपण स्वयंसेवक म्हणतों, म्हणजे इच्छा झाल्यास येणारा व न झाल्यास न येणारा, तसा मनुष्यही जुन्या गांवांत या कामीं कल्पिलेला दिसत नाहीं. आग विझविणें हें तेथें पगाराचें काम नव्हतें, तसें मर्जीचेंही नव्हतें. गांवांत घर असणें व गांवचें उत्पन्न खाणें, यांच्या बदल्यांत तें अंगास लागे. ही गोष्ट स्मृतींच्या काळापासून वतनें मोडेपर्यंत दाखवितां येते, आणि तींत जो अन्याय मुरला होता तोही दाखवितां येतो.

प्रथम स्मृती. मनूच्या नवव्या अध्यायांत असा दंड सांगितला आहे कीं, गांवावर घाला पडला असतां, बांध फुटला असतां किंवा वाटेवर चोरी होत असतां जे आपल्या शक्तीप्रमाणें धांवून जात नाहींत, त्यांस चीजवस्तूसह गांवाबाहेर घालवावें. याज्ञवल्क्यानें संकटांत पडलेल्याची हांक ऐकून न धांवणारास शंभर पणांचा दंड लाविला आहे. आणि मौज अशी कीं, त्याच ठिकाणीं, त्याच दंडास, कारण नसतां हांक मारणाराही पात्र ठरविला आहे. ज्यानें ही दुसरी अट घातली त्यास गांवाचा अनुभव होता असें म्हणावें लागतें. बोंबेवर विश्वास राहिला नाहीं तर बोंबेस कोणी धांवत नाहीं. याज्ञवल्क्यच शेत, घर, रान, गांव, राखीव कुरण व खळें जाळणाऱ्यास गवतांत गुंडाळून जाळण्याची शिक्षा सांगतो. त्या यादींत खळें आलें आहे हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. वर्षाचें पीक एका जागीं, उघड्यावर व वाळलेलें असें खळ्यांतच असतें. या स्मृतीवर विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरीं लिहिली गेली व पुढें ती या प्रांतांत प्रमाण मानली गेली. तेव्हां हे दंड केवळ उत्तरेकडील पोथींतले म्हणून बाजूस सारतां येत नाहींत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ग्रंथ छापला गेला, तेव्हांपासून या विषयाचें सर्वांत बारीक वर्णन आपल्यापुढें आहे. नगराच्या प्रकरणांत तो सांगतो कीं, उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत विस्तव पेटवूं नये, स्वयंपाक करणें तर बाहेर करावा. घरोघर पाण्याचे घडे, रांजण, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, गवत ओढण्याचें हत्यार व पखाल हीं असावींत, नसल्यास पाव पण दंड. गवतानें शाकारलेलें जें असेल तें काढून टाकावें. विस्तवावर पोट भरणारे एका बाजूस बसवावे. आग लागली असतां न धांवणाऱ्या घरधन्यास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड. ही शेवटली तफावत आम्हांस महत्त्वाची वाटते. धांवण्याचें कर्तव्य सर्वांस आहे, परंतु तें गांवांतील ज्याच्या त्याच्या हक्काच्या मानानें आहे. ज्याचें अधिक त्यानें अधिक भरावें. खेड्यांविषयीं तो दुसऱ्या प्रकरणांत थोडक्यांत बोलतो: उन्हाळ्यांत गांवकऱ्यांनीं रांधणें बाहेर करावें, अथवा दशमूलीसंग्रहाच्या आधीन असावें. या सामासिक शब्दाचा अर्थ कोणी दहा उपकरणांचा संग्रह असा करतात, तर कोणी दहा कुळांच्या समूहाची देखरेख असा घेतात. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण दहा कुळांवर एक देखरेख करणारा अशी योजना त्याच ग्रंथांत नगराच्या संबंधानें आलेली आहे. तसें असेल तर दहा शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या चुलीवर नजर ठेवावी, ही कल्पना फार जुनी ठरते.

सुपाविषयीं एक शब्द. तें धूर वारण्यासाठीं असा अर्थ सांगितला जातो. असेलही. परंतु देशावरच्या कोणा शेतकऱ्यास विचारल्यास तो सांगेल कीं, पाणी लांब असतां आगीवर माती व धूळ उधळण्यास सुपासारखें दुसरें साधन नाहीं.

पाणी लांब असणें, हेंच देशावरच्या आगीचें मर्म होय. आगीचा हंगाम फाल्गुनापासून मृगापर्यंत. त्या दिवसांत सुगी झालेली असते, कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात, दुपारीं वारा सुटतो आणि आडांचें पाणी तळाशीं जातें. मोटेनें पाणी काढावयाचें तर बैल जुंपावे लागतात. तोंवर गंज राहत नाहीं. म्हणून खेड्यांतील आग पाण्यानें विझविण्यापेक्षां तोडून थांबवावी लागे. पेटलेल्या घराचें सोडून द्यावें, पुढच्या घराचें छप्पर ओढून काढावें, दावणीचीं गुरें दावीं कापून मोकळीं करावींत, माती टाकावी, ओल्या घोंगड्यांनीं ठिणग्या बडवाव्या. हें काम एकट्या-दुकट्याचें नव्हे आणि ज्याचें छप्पर ओढावयाचें त्याच्या संमतीनें होण्याजोगेंही नव्हे. तेथें कोणाचा तरी शब्द चालावा लागतो. गांवांत तो शब्द पाटलाचा.

घरांच्या बांधणीचाही येथें विचार केला पाहिजे. देशावर गांवकुसाच्या आंत घरास घर लागून असतें. परंतु भिंती मातीच्या व पुष्कळ ठिकाणीं माथ्यावर मातीचें धाबें, त्यामुळें खुद्द घर लवकर पेटत नाहीं, पेटतो तो गोठा, परसांतला कडबा व वरची शाकारणी. कोंकणांत उलट. तेथें छप्पर पेंढ्याचें किंवा गवताचें, पण प्रत्येक घर आपल्या परड्यांत वेगळें. घर जळालें तर एक जळेल, वाडी सहसा जळणार नाहीं. बासल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढें तीं कौलें किनाऱ्यानें वर येत गेलीं, त्यांनीं कोंकणांतील आगीचें भय जितकें कमी केलें तितकें कोणत्याही कायद्यानें केलें नसेल. मात्र त्याच सुमारास काड्यांची पेटी व रॉकेलची चिमणीही घरोघर शिरली, हें विसरूं नये.

आतां मराठी कागदांकडे वळूं. त्यांत आगीचा उल्लेख येतो तो बहुधा शत्रूच्या आगीचा. मुलूख मारला, गांव जाळले, खेडीं ओस पडलीं, मग कौल दिला, सूट दिली, असा तो क्रम. चुलीची ठिणगी, दिव्याची वात, चिलमीचा विस्तव, यांची दखल घेणारा कागद दुर्मिळ. म्हणूनच शिवाजी महाराजांचें चिपळुणाकडील हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेलें १६७३-७४ मधील पत्र या विषयांत मुकुटमण्यासारखें आहे. राजवाड्यांनीं तें छापल्यापासून रयतेस उपद्रव न देण्याविषयींची त्यांतील ताकीद सर्वतोमुखीं झाली आहे. गवत-दाणा एकदांच उधळाल तर पावसाळ्यांत मिळणार नाहीं, मग कुणब्यांस लुबाडाल, आणि रयतेस तुमच्यापेक्षां मोंगल बरा वाटेल, हा तो भाग. परंतु पत्राचा उत्तरार्ध आगीविषयीं आहे व तो त्या मानानें कमी वाचला जातो.

त्यांत काय आहे तें पाहूं. कोणी भलत्या जागीं आगटी पेटवील, कोणी चूल मांडील, रांधील. कोणी तंबाकूसाठीं विस्तव नेईल, आणि गवत कोठें पडलें आहे, वारा कोणीकडचा आहे, हें मनांत आणणार नाहीं. अवचित दगा होईल. एका खणास आग लागली म्हणजे सारे खण जातील. गवताच्या गंजीवर एक ठिणगी पडली म्हणजे गंजीमागून गंज जळेल. रात्रीं घरांत दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. उंदराची ही गोष्ट ज्यास सुचली त्यानें गवताच्या छपराखालीं रात्री काढल्या होत्या यांत शंका नाहीं. ती लेखनिकाची कल्पना असेल तर तो लेखनिकही धन्य. पुढें म्हटलें आहे कीं, सारें जळून गेल्यावर मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस हवी तशी ताकीद केली, तरी खण उभारावयास एक लांकूड मिळावयाचें नाहीं. म्हणून जे खासे लोक आहेत त्यांनीं स्वतः नेहमीं फिरत असावें व हें होऊं देऊं नये. म्हणजे खण वांचतील, गवत वांचेल आणि पावसाळ्यांत घोडीं वांचतील. नाहीं तर पागाच बुडाली.

हें पत्र स्मृतींच्या शेजारीं ठेवून वाचावें. स्मृतिकारांस आग लागल्यानंतरचा दंड सुचतो. येथें दंड निरुपयोगी आहे हें आरंभींच सांगून टाकलें आहे. कौटिल्य उपकरणें मोजतो. येथें एकही उपकरण नाहीं, फक्त डोळे व पाय आहेत. आणि फिरावयाचें कोणीं, तर चाकरांनीं नव्हे, खाशांनीं. गस्तीचें काम खालच्यावर लोटावयाचें ही जी सार्वकालिक वहिवाट, तिच्या नेमकें उलट हें आहे. पत्र लष्करी पागेचें आहे, गांवचें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु त्या पागा कोंकणांतील खेड्यांतच उतरलेल्या होत्या, त्यांचे खण गांवच्या लांकूड-गवताचे होते, आणि जळाले असते तर पहिली झळ शेजारच्या कुणब्यांस लागती, हें पत्र स्वतःच मानतें.

जातां जातां तंबाकूविषयीं. असदबेग विजापुराहून ती वस्तु अकबराच्या दरबारीं घेऊन गेला तो काळ सतराव्या शतकाच्या अगदीं आरंभींचा. दरबारास जिचें नवल वाटलें, ती सत्तर वर्षांच्या आंत चिपळुणाकडच्या गवताच्या गंजीस भय म्हणून सरकारी पत्रांत यावी, यावरून व्यसन किती वेगानें पसरलें याचा अंदाज होतो.

किल्ल्यांचा विषय वेगळा असला तरी आज्ञापत्राचा उल्लेख टाळतां येत नाहीं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील या ग्रंथांत रामचंद्रपंत अमात्य दारूखाना घरांपासून दूर ठेवावा, भोंवतीं कुंपण घालावें, तेथें विस्तव येऊं देऊं नये, ठराविक दिवसांनीं दारू उन्हांत घालून पुन्हां बंदोबस्तानें ठेवावी, असें सांगतात. केरकचरा गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळून त्या राखेवर परसांत भाजी करावी, असेंही त्यांत आहे. एकाच लेखकास विस्तवाचें भय व विस्तवाचा उपयोग हीं दोन्हीं सारखीं ठाऊक होतीं. रायगडावर १८१८ च्या मे महिन्यांत प्रॉथरच्या तोफांचे गोळे पडून राजवाडा जळाला, तेथें मात्र असल्या नियमांचा उपाय नव्हता.

गांवांत हें काम कोणाकडे होतें? पाटील हुकूम करी, धांवावयाचें सर्वांनीं, परंतु आग प्रथम दिसावयाची ती रात्रीं जागणाऱ्यास. वेशीवरचा वेसकर महार, जागल्या, कोठें रामोशी, कोठें कोळी, यांच्याकडे गांवची राखण होती. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गांवगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथांत या कामगारांच्या कामांचें व त्यांच्या बलुत्याचें जें विस्तृत वर्णन आहे, तें वाचलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांच्या कामास शेवट नव्हता. वेस लावणें, पाहुण्यांची वर्दी, सरकारी रोख्याची ने-आण, मेलेलें ढोर ओढणें, सांडलेल्या-लवंडलेल्याची राखण, आणि रात्रीची गस्त. आग दिसली तर हाळी देणें हें त्यांतच आलें.

येथें वतनाच्या गोडव्यास आवर घालणें प्राप्त आहे. कर्तव्य साऱ्या गांवाचें, असें शास्त्र सांगतें. प्रत्यक्षांत तें गांवांतील सर्वांत खालीं ठेवलेल्यांच्या झोपेवर चाले. ज्यानें आग पाहून हाळी द्यावयाची, त्यानें ज्या आडाच्या पाण्यानें ती विझवावयाची त्या आडास हात लावूं नये, अशी ती व्यवस्था होती. त्याचें स्वतःचें घर गांवकुसाबाहेर. आपण जीं दप्तरें पाहतों तीं वतनदारांच्या घरचीं. महारवाड्यास आग लागली तर गांव धांवला कीं नाहीं, हें लिहून ठेवण्याचें त्या दप्तरांस कारण नव्हतें. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक आणलें, तें या अमर्याद चाकरीच्या व तुटपुंज्या मोबदल्याच्या विरुद्ध होतें. त्याच्या आदल्या वर्षीं महाडास पाण्याचा हक्क बजावला गेला होता. आगीच्या दृष्टीनें पाहतां हे दोन प्रश्न वेगळे नव्हते.

इंग्रजी अमलानें या व्यवस्थेचें काय केलें? तिनें ती मोडली नाहीं, तिचे तुकडे केले. जाळपोळ व विस्तवाचा निष्काळजीपणा हे १८६० च्या दंडसंहितेंत गुन्हे झाले व मामलेदार-मॅजिस्ट्रेटाकडे गेले. १८६७ च्या मुंबई गांवपोलीस कायद्यानें पाटील हा पोलीसपाटील झाला, गांवकामगार त्याच्या हाताखालीं राहिले. १८७४ च्या वतन कायद्यानें चाकरीच्या वतनाचे नियम बांधले. ‘न धांवणाऱ्यास’ पुसणारी जी गोतसभा, तिच्या हातचा अधिकार मात्र या कोणत्याही कलमांत उतरला नाहीं. धांवण्याची रीत उरली ती केवळ लाजेवर व शेजारधर्मावर.

एका ठिकाणीं मात्र ती कायद्यांतही उरली, आणि तें ठिकाण अनपेक्षित आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या एकुणऐंशीव्या कलमाप्रमाणें, राखीव किंवा संरक्षित रानांत ज्यांस कांहीं हक्क आहे त्यांनीं, तसेंच लगतच्या गांवांत सरकारी नोकर असलेल्यांनीं, आणि गांवच्या सेवेसाठीं सरकारकडून ज्यांस उत्पन्न मिळतें त्यांनीं, रानास वणवा लागल्याचें कळतांच, कोणी सांगो वा न सांगो, तो विझविण्यास लागलें पाहिजे. उत्पन्न खातो म्हणून धांवावें, हें तत्त्व म्हणजे वतनाचेंच तत्त्व होय. घर जळत असतां ज्या कर्तव्यास कायद्यांत जागा राहिली नाहीं, तें सरकारचें सागवान जळत असतां शाबूत राहिलें! रानाच्या कडेस राबासाठीं कवळ जाळणाऱ्या कोंकणी शेतकऱ्यास या कलमाची ओळख बऱ्यापैकीं असेल.

स्वातंत्र्यानंतर वतनें गेलीं. कुळकर्णी व परगणे वतनें १९५० च्या कायद्यानें, कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें, पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें रद्द झाली. १९६७ च्या महाराष्ट्र गांवपोलीस कायद्यानें पोलीसपाटील हा वंशपरंपरेचा न राहतां नेमलेला झाला. जें गेलें त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. मात्र त्याबरोबर मोकळें पडलेलें आगीचें काम कोठें गेलें, हें पाहिलें पाहिजे. तें १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या यादींत गेलें: गांवची व पिकांची राखण, आणि आग लागली असतां ती विझविण्यास व जीवित-वित्त वांचविण्यास साहाय्य, हीं पंचायतीच्या कामांत मोडतात. ग्रामरक्षक दलांची तरतूदही झाली. आतां धांवणारा खराच स्वयंसेवक झाला. त्यास बलुतें नाहीं, त्यावर दंड नाहीं, आणि तो कोणत्या वाड्यांतला, हें कोणी विचारूं नये अशी अपेक्षा आहे. तालुक्याच्या ठिकाणचा बंब येईपर्यंत गांवाजवळ आजही बादल्या, माती, ओलें पोतें व शेजारी एवढेंच असतें. कौटिल्याच्या यादींत विजेचा मोटारपंप तेवढा नवा.

आतां पुन्हां कागदांकडे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशन बसलें व त्यानें घरोघर सनदांचा पुरावा मागितला, तेव्हां पूर्वीं केव्हां तरी गांवांत लागलेल्या आगीचा हिशेब पुरा झाला. गोतसभेपुढें कागद जळाल्याची सबब ऐकून घेतली जात असे, कारण सभेंतल्या माणसांनीं ती आग पाहिलेली असे किंवा बापाच्या तोंडून ऐकलेली असे. कमिशनच्या अधिकाऱ्यास आग दिसत नव्हती, कागद नसणें तेवढें दिसत होतें. ज्याचा ताम्रपट होता तो त्यांतल्या त्यांत निर्धास्त, कारण गवताच्या आगीस तांबें सहसा दाद देत नाहीं. ज्याच्याजवळ जुन्नरी कागदावरची सनद होती, त्याचें भवितव्य ती घरांत कोठें ठेवली होती यावर होतें.

तें कोठें ठेवीत? वाड्यांतून दप्तर माळ्यावर, देवघरांत किंवा भिंतींतल्या बळदांत असे. चुलीच्या वरच्या माळ्याचा एक गुण होता: धुरामुळें कागदास कसर व वाळवी कमी लागे. आणि दोषही तोच, कीं घर पेटलें तर आगीचा पहिला घास तो. देवघरांत नंदादीप, आणि वर उंदीर. हलवर्णच्या पत्रांतली वात येथें पुन्हां आठवते. बळद सर्वांत सुरक्षित, पण तेथें ओल येई. कागद जगविण्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं आग, ओल व कीड या तिघांत कोणाशीं तडजोड केली, हें घरागणिक बदलतें, आणि म्हणूनच एकाच गांवांत पाटलाचें दप्तर कुजलेलें, कुळकर्ण्याचें करपलेलें व जोशाचें चाळण झालेलें असें सांपडतें.

आमची सूचना एवढीच आहे कीं, रुमाल उचलतांना संग्राहकानें कागदाच्या मजकुराबरोबर त्याच्या जागेचीही नोंद करावी. तो माळ्यावर होता कीं बळदांत. कडा करपल्या आहेत त्या एकाच बाजूच्या कीं चारी बाजूंच्या. करपलेले कागद वरचे आहेत कीं मधले. आणि बस्त्यांतल्या कोणत्या सालापर्यंतच्या कागदांवर हा डाग आहे. शेवटली नोंद सर्वांत मोलाची, कारण अमुक सालापुढील कागद स्वच्छ असतील तर आग त्या सालाच्या आसपासची. करपलेला, वाचतां न येणारा कागद निकामी म्हणून बाजूस टाकण्याची जी संवय आहे ती सोडावी. गांवांतील वृद्धांस जळिताची आठवण असल्यास ती ‘कोणत्या आळीपासून कोणत्या आळीपर्यंत’ अशा शब्दांत उतरून घ्यावी, व कोणाचें छप्पर ओढल्यामुळें ती थांबली तेंही विचारावें. अशीं टिपणें शेजारशेजारच्या गांवांचीं जमवून सालवार लावलीं, तर एकाच हंगामांत अनेक गांवीं लागलेली शत्रूची आग व एकट्या गांवाची घरगुती आग हीं वेगळीं पडूं लागतील, आणि महजरांतील ‘कागद जळाला’ ही सबब निदान कांहीं ठिकाणीं पडताळून पाहतां येईल.